शेपटीजवळची कातडी

सासरे खाप्याहून कन्हान नदीतला ताजा मागूर मासा घेऊन आले, तेव्हा "मीच साफ करतो" असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो. कचेरीत बोरूला टोक करण्यापलीकडे मी कधी चाकू धरला नव्हता. सासरे आंघोळीला गेले आणि मी परसात बसून माशाचे खवले खरवडत राहिलो.

कुंपणापलीकडून शेजारचे एक गृहस्थ बघत होते. ते गिरणीत माग दुरुस्त करत आणि प्रत्येक गोष्ट दोनदा बोलत, एकदा स्वतःशी, एकदा आपल्याशी.

"याले खवलेच नाही राहत. खवलेच नाही राहत, बाबू. राखड आना."

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत, कुंपण ओलांडून आत आले. पकडीने त्यांनी गालांजवळचे दोन्ही काटे मोडले आणि कागदात गुंडाळून खिशात घातले, कारण आमची मुलं परसात अनवाणी फिरत. राखेने बुळबुळ घालवली, मानेभोवती सुरीचा एक फेरा मारला आणि सदऱ्याची बाही उतरवावी तशी कातडी खाली ओढत नेली. शेपटीशी दोन बोटं उरली तेव्हा थांबले.

"आता तुमी ओढा. तुमी ओढा, बाबू. सासऱ्याले खोटं काहून सांगाचं?"

मी ओढली, ती मध्येच तुटली. तोवर ते हात धुऊन गेलेही होते.

जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, तुमीच सोलला काय?"

"शेवट माझ्याच हातानं झाला," मी म्हणालो.

ताटं उचलताना बायको हळूच म्हणाली, "शेपटीजवळ कातडं राहून गेलं होतं, तेवढं तुमचं काम. बाकीचं ज्यायनं केलं, त्यायच्या घरी मी पहिलेच रस्सा पोचवला."