गुरुजींचं मत

औशाजवळ भूकंपानंतर बांधलेल्या चार खोल्यांची आमची शाळा. चौथीला विज्ञान शिकवणारे गुरुजी निवृत्तीला आले होते. मी नुकतीच बदलून आलेली. फोनमधलं मला जमायचं, म्हणून ऑगमेंटेड रिअॅलिटीचे धडे माझ्याकडे आले. पुस्तकातल्या चित्रावर फोन धरला की बी उकलायचं, कोंब यायचा, मुळं पसरायची. सगळं मिनिटभरात. पोरं खूश, मीही खूश.

पुढे या धड्यांबद्दल शिक्षकांची मतं ऑनलाइन मागवली. गुरुजींना टाइप करता येईना. ते माझ्याजवळ बसून सांगू लागले.

"लिहा बाई. चित्र लई भारी हाय. पण त्यातलं बी कधी सडत न्हाई. मी पोरांना ओल्या फडक्यात हरभरा बांधायला लावतो, त्यातले चार-दोन दरसाली सडतात. मग पोरगं इचारतं, गुरुजी, माझाच का सडला? तिथून माझा धडा सुरू होतो. फोन बघून एकानं बी काही इचारलं न्हाई."

मी शब्दन् शब्द लिहिला. पाठवण्याआधी मुख्याध्यापकांनी ते मत वाचलं.

"हे काढा," ते म्हणाले. "पालक आत्तापासूनच लातूरच्या शाळा-क्लासकडे बघून राहिलेत. आपल्याच शाळेतून नाराजी कशाला?"

मी काढलं. 'पूर्ण सहमत'वर बोट टेकवलं आणि खाली लिहिलं, 'मुलांची जिज्ञासा वाढली.' दोन मिनिटांचं काम. कोणी जबरदस्ती केली म्हणायची मला सोय नाही.

तालुक्याच्या बैठकीत ते मत गुरुजींच्या नावासकट वाचून दाखवलं. गुरुजी माझ्या शेजारीच बसले होते. परतताना एसटीत त्यांनी विचारलं, "माझं मत तुम्ही दिलं व्हय?"

"सरांनी सांगितलं होतं."

"हाव. पण लिहिलं तुम्ही."

त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. जूनमध्ये निम्मी पोरं दाखले काढून लातूरला गेलीच.

निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी गुरुजींचं कौतुक केलं, नवं तंत्रज्ञान मनापासून स्वीकारणारा शिक्षक म्हणून. गुरुजी हारातली फुलं चाचपत खाली बघत राहिले. खरं काय ते त्या मांडवात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. टाळ्या वाजवायला सुरुवात मी केली.