पाय उचला, पावणं

गुरुपाद अण्णा कुठल्याही दारातून आत जाताना पाय गुडघ्याइतका उंच उचलायचे आणि मान खाली घालायचे. दाराला उंबरा असो नाहीतर नसो. आमच्या गल्लीतल्या नव्या चाळीत उंबरे नव्हतेच, आतली फरशी सरळ बाहेर आलेली. तरी अण्णा भाजीची पिशवी घेऊन स्वतःच्या खोलीत असे शिरायचे की दारात कुणी आडवं झोपलंय असं वाटावं. ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा म्हाताऱ्याच्या गुडघ्यात काहीतरी बिघाड आहे असं समजून आईनं तेलाची बाटली काढली.

"गुडघं ठणठणीत हायीत अक्का," अण्णा म्हणाले. "बोटीतली सवय हाय ही. तिथं दाराला हातभर पोलादी उंबरा असतोय, पाणी एका खोलीतनं दुसरीत जाऊ नये म्हणून. पाय उचलला न्हाय की नडगी फुटली म्हणून समजा."

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. अण्णा मूळचे गडहिंग्लजकडचे. नौदलातून निवृत्त होऊन ते कोल्हापुरात एकटेच राहायला आले होते. आमच्या गल्लीला फौजी नवीन नव्हते, पण सगळे जमिनीवरचे. लोक अण्णांनाही मिलट्रीवाले म्हणायचे आणि ते दर वेळी न कंटाळता दुरुस्ती करायचे, "मिलट्री न्हवं, नेव्ही." त्यांच्या खोलीत सगळं बांधलेलं असे. फळीवरच्या डब्यांना आडवी दोरी, घड्याळाला सुतळी, पाण्याचा तांब्या कोनाड्यात घट्ट बसवलेला. मी चेष्टेनं विचारलं, "अण्णा, कोल्हापुरात लाट येणार आहे का?" तर म्हणाले, "लाट काय सांगून येतीया व्हय बाई? आपली तयारी असलेली बरी."

समुद्राच्या गोष्टी ऐकायला गल्लीतली पोरं त्यांच्याकडे जमायची आणि बहुतेक वेळा निराश होऊन परतायची. अण्णांनी उभा जन्म बोटीच्या पोटात, बॉयलरपाशी काढला होता. "समुद्र बघितला वरच्यांनी. मी बघितला त्यो जाळ," असं ते सरळ सांगून टाकायचे. देवमासे, वादळं, परदेशातली बंदरं असलं काही विचारलं की म्हणायचे, "बोट हलली की वादळ आलंय म्हणायचं, थांबली की बंदर." मला त्यांचा हा खरेपणा आवडायचा. थापा मारायला कुणाची हरकत नव्हती, पण त्यांनी कधी मारल्या नाहीत.

त्यांचा मुलगा शशिकांत मुंबईला नोकरीला होता. दिवाळीला त्याचा फोन आमच्याकडे यायचा आणि अण्णा आमच्या बैठकीत उभं राहून बोलायचे, "बरं हाय. तू बरा हाईस न्हवं? पोरगं बरं हाय न्हवं?" फोन संपायचा. आईनं एकदा खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. शशी नऊ वर्षांचा असताना त्याची आई तापानं गेली. अण्णांची बोट तेव्हा लांब कुठेतरी होती. ते घरी पोचले तेव्हा दिवसकार्यसुद्धा उरकलं होतं. पोरगं जयसिंगपूरला मामाकडे वाढलं. "त्यो मला काय वंगाळ बोलत न्हाय," अण्णा म्हणाले, "बोलतच न्हाय." नातवाला, प्रणवला, त्यांनी दोनदाच पाहिलं होतं.

अण्णांनी ज्या विमानवाहू बोटीवर उमेदीची वर्षं काढली, ती पुढे कामातून निघाली आणि मुंबईच्या गोदीत म्युझियम होऊन उभी राहिली. कुणीही जाऊन बघावी अशी. अण्णांनी हे पेपरात वाचलं आणि तसाच पेपर घेऊन ते माझ्याकडे आले. मी शाळेत सातवीची वर्गशिक्षिका होते. "बाई, पोरांची सहल काढा. मी येतो संगट." सहल म्हटलं की आमचे मुख्याध्यापक पन्हाळा आणि जोतिबा यांच्या पलीकडे जायला तयार नसत, हे मी सांगून पाहिलं. मग अण्णा म्हणाले, "शशीनं प्रणवला घिऊन तिथं यावं म्हणतोय मी. माझ्या घरला ते येत न्हाईत, त्यांच्या घरला मी जायचं म्हणजे अवघडल्यागत हुतंय. बोटीवर कुणाचंच घर न्हवं. नातवाला तेवढी माझी जागा दाखवतो." त्यानंतर मुख्याध्यापकांशी मी जशी भांडले, तशी पगारासाठीसुद्धा कधी भांडले नव्हते.

सहलीआधी अण्णांनी शाळेत येऊन मुलांची तयारी करून घेतली. वर्गाच्या दारात दोन पोरं ऊस आडवा धरून उभी करायची आणि बाकीच्यांनी तो न शिवता आत जायचं. "पाय उचला, पावणं! मुंडकं खाली! हां, आता शोभतासा!" तालीम संपली की ऊस मोडून खायचा. आठवड्याभरात सगळी शाळा बगळ्यासारखी चालायला लागली आणि मुख्याध्यापक माझ्याकडे बघायचे बंद झाले.

मुंबईला पोचलो त्या दिवशी अण्णा पांढरे कॅनव्हासचे बूट आणि कडक इस्त्रीची पँट घालून आले होते. हातात स्टीलचा डबा. नातवासाठी स्वतः वळलेले शेंगदाण्याचे लाडू होते त्यात. शशिकांतनं फोनवर अकरापर्यंत येतो म्हणून कबूल केलं होतं. बोटीच्या शिडीवरून वर पाऊल टाकताच अण्णा ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम केला. समोर तर कुणीच नव्हतं. हसू आवरत नसताना माझ्या पोरांनीही सलाम ठोकले.

आत बाकीच्या शाळांची मुलं त्या पोलादी उंबऱ्यांना अडखळत होती, कपाळं चोळत होती. आमची पोरं पाय उचलून, मान लववून अशी सरसर निघाली की तिथला तरुण नौसैनिक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ये बच्चे पहले भी आए हैं क्या?" हे अण्णांना सांगावं म्हणून मी मागे वळले, तर अण्णा आत आलेच नव्हते. ते शिडीच्या तोंडाशी उभे होते. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला वाट दाखवत होते. "या पावणं, या. पाय उचला, जपून." लोकांना वाटलं, हे इथलेच कुणी असावेत.

मुलांनी विमानं बघितली, जुन्या तोफा बघितल्या, गच्चीवरून समुद्र बघितला आणि परत येऊन अण्णांच्या हाताला धरलं, "अण्णा, तुमची जागा दाखवा की." अण्णा म्हणाले, "थांबा की जरा. नातू यायला लागलाय माझा. समद्यांना एकदमच दाखवतो." बारा वाजले. एक वाजला. उन्हानं डेक तापला, तरी ते सावलीला येईनात. दर लहान मुलाबरोबर त्यांची नजर शिडीपासून वरपर्यंत यायची आणि पुन्हा खाली जायची.

निघायची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, बस थांबलीय." तसे ते भानावर आले आणि पोरांना घेऊन झपाझप आत गेले. खाली जाणाऱ्या एका जिन्यावर साखळी लावलेली होती, पुढे जायला बंदी. अण्णा साखळीशी वाकले. "ह्याच्याखाली आणि एक जिना, त्याच्याखाली आणि एक. तिथं मी." खाली नुसता अंधार होता. एका पोरीनं विचारलं, "एकटेच?" अण्णा म्हणाले, "न्हाय गं, माणसं लई हुती. पण आवाज एवढा, की कुणाचं कुणाला ऐकू याचं न्हाय."

परतीच्या वाटेवर त्यांनी डबा उघडला आणि बसमध्ये लाडू वाटले. "खावा. ऱ्हायलं तर मऊ पडतील." स्वतः खाल्ला नाही.

दोन दिवसांनी शशिकांतचा फोन आला. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "बाई, बोट लागली की येतो, असं ते कळवायचे. मी जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचो. शेवटची गाडी गेली की मामा न्यायला यायचा. परवा मी प्रणवला घेऊन गोदीच्या फाटकापर्यंत आलो होतो. पुढं पाऊल पडलं नाही." अण्णांना हे सांगावं की नाही, याचा दिवसभर विचार केला आणि शेवटी सांगितलं. अण्णा बराच वेळ घड्याळाची सुतळी नीट करत राहिले. मग म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. मी त्याला लई वाट बघाय लावलीया. आता माझी पाळी."

त्यांनी ती पाळी मनापासून निभावली. दर सुट्टीच्या तोंडावर खोली धुऊन काढायची, लाडू वळायचे, आणि शाळा उघडली की तेच लाडू माझ्या वर्गात आणून द्यायचे. माझ्या मुलांना त्या लाडवांची सवय झाली होती.

असंच एका उन्हाळ्यात, सकाळी दूधवाल्यानं हाक मारली आणि अण्णांनी ओ दिली नाही. फोन मीच केला. शशिकांत मुंबईहून गाडी घेऊन आला, बायको आणि प्रणव बरोबर होते. प्रणव आता चांगला उंच झाला होता. तो आजोबांच्या खोलीत उभा राहून दोरी लावलेले डबे, सुतळी बांधलेलं घड्याळ बघत राहिला. फळीवर स्टीलचा डबा भरलेला होता.

त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे अण्णांना शेवटच्या प्रवासासाठी खुर्चीत बसवलं होतं. गल्लीतल्या पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. चौघेही माझे जुने विद्यार्थी, त्या सहलीला आलेले, आता मिशा फुटलेले. दाराशी आल्यावर चौघांनी मान लववली आणि पाय गुडघ्याइतका उंच उचलून ते बाहेर पडले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मागून येणारा प्रणव दारात थबकला. त्यानं खाली सपाट फरशीकडे बघितलं आणि मला विचारलं, "त्यांनी पाय का उचलले?"

"इथं उंबरा आहे, बाळा," मी म्हटलं. "तुझ्या आजोबांचा."

त्यानं पुन्हा एकदा खाली बघितलं. मग मान वाकवली, पाय चांगला उंच उचलला आणि बाहेर गेला. त्याच्यामागे शशिकांत होता. तो दाराच्या आतच उभा राहिला, आणि बाहेर सगळे त्याच्यासाठी थांबले.