ओळख लपवून घेतलेली गाडी

डिक्कीवाली गाडी घरी यावी असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण बोलून मीच दाखवलं. कारण सासूबाईंच्या गुडघ्यांचं पुढं केलं. कमलनगरहून बिदरच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे त्यांना जीपमध्ये चढवायला दोन माणसं लागायची. ते खरंच होतं. पण नणंदेच्या वास्तुशांतीला आम्ही बियाण्यांच्या टेम्पोतून उतरलो होतो आणि दारातल्या बायकांनी माझ्या साडीला चिकटलेला भुसा पाहिला होता, हेही तितकंच खरं.

नवी गाडी झेपणारी नव्हती. यजमानांचं बी-बियाण्यांचं दुकान, मी सरकारी मराठी शाळेत शिक्षिका. फोनवर जुन्या गाड्या बघता बघता एक सापडली: चंदेरी, डिझेलची, बारा वर्षं जुनी, मालक बिदरला लागूनच असलेल्या नौबादचा. दोन लाख चौदा हजार किलोमीटर पळालेली. एवढी दमलेली गाडी कशाला, असं यजमान म्हणाले. मी म्हटलं, लोक काटा मागं फिरवून ऐंशी हजार दाखवतात, या माणसानं तसं केलेलं नाही, बघून तर येऊ. रविवारी बसनं निघालो. भालकीत आमच्या ओळखीचा मिस्त्री चढला. वाटेत यजमानांनी मला बजावलं, "तिथं वळखीपाळखी काढत बसू नको. वळख निघाली की भाव तुटत न्हाई." मी नुसती हसले.

दार उघडलं ते माझ्या सरांनी.

पाचवी ते सातवी त्यांनी मला गणित शिकवलं होतं. सातवीनंतर माझी शाळा बंद करायची असं घरी ठरलं, तेव्हा सर आमच्या गावी तीनदा आले. दोनदा वडिलांनी चहा पाजून वाटेला लावलं. तिसऱ्या वेळी सर खळ्यावर वडिलांशेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत राहिले. शाळेचा विषयच काढला नाही. दिवस कलल्यावर वडील आपणहून म्हणाले, घाला तिला उदगीरला. मी आज फळ्यापुढं उभी राहते ती त्या दुपारमुळं.

आणि मी त्यांना नमस्कार केला नाही. दारात क्षणभर थांबले. यजमानांचं वाक्य कानात होतं. मग डोक्यावरचा पदर थोडा पुढं ओढला आणि आत जाऊन बसले. तीस वर्षं झाली होती, अंगानं मी सुटले होते, चष्मा लागला होता. ते काय ओळखणार, असं मनाला सांगितलं.

सरांच्या बायकोनं सुसला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे, आणि चहा आणला. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणत असावी, हाक तशीच येत होती. गाडी एवढी पळाली कशी, ते सरांनीच सांगितलं. अक्कांची नोकरी दीड-दोनशे किलोमीटर लांब, अफजलपूरकडं, करजगीला होती. ही बदली होईल, ती होईल म्हणता म्हणता आठ वर्षं गेली. दर शनिवारी सर गाडी घेऊन जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. आता डॉक्टरांनी डोळ्यांमुळं गाडी चालवायला मनाई केली होती.

"तुम्ही मूळचे कमलनगरचेच का?" त्यांनी विचारलं.

यजमान व्हय म्हणाले.

"त्या बाजूला मी काही वर्षं मास्तर होतो," सर म्हणाले आणि माझ्याकडं बघून थांबले. बोलायची संधी होती ती. मी कपात बघत राहिले.

मिस्त्रीनं बोनेट उघडलं, तेलाचं झाकण काढून धूर पाहिला, गाडी मोठ्या रस्त्यावर फिरवून आणली. तोवर सर गाडीचे दोष सांगत होते. थंडीत सकाळी दुसरा गिअर अडतो. मागच्या डाव्या दाराखाली पत्रा गंजायलाय, वरून दिसत नाही, हात घालून बघा. एसी दुपारी दमतो. यातलं निम्मं आम्हाला कधीच सापडलं नसतं.

परत आल्यावर मिस्त्री आम्हाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला की इंजन सोन्यासारखं हाय, पण तोंडावर दाखवू नका.

मग यजमानांनी भाव सुरू केला. त्यांच्याकडं स्वतःचा एकही मुद्दा नव्हता. सरांनी सांगितलेले दोष तेच एकेक करून ते सरांपुढं मांडत होते. गिअरचं काम निघणार. पत्रा कापावा लागणार. आणि दोन लाखांवर पळालेली गाडी उद्या विकायला गेलं तर कोण घेणार? सर एकदाही म्हणाले नाहीत की हे मीच तुम्हाला सांगितलं. पस्तीस हजार कमी झाले. शेवटी सरांनी अक्कांकडं पाहिलं. अक्का कानडीत 'आगली बिडरी' म्हणाल्या, म्हणजे होऊ द्या. मी तिथंच बसले होते. मी एक शब्द बोलले असते तर तो भाव तिथंच थांबला असता. मला ते माहीत होतं आणि गाडीही स्वस्तात हवी होती.

निघताना सरांनी किल्ली यजमानांच्या हातात न देता माझ्या हातात दिली.

"आल्या आल्याच वळखलो तुला," ते म्हणाले. "म्हटलो, मी वळख दाखवलो तर पोरगी भाव करायला लाजंल. तुला परवडायला पायजे की."

मी वाकून पायाला हात लावला. पण त्या वेळी केलेला नमस्कार कसला नमस्कार. सर मात्र सहजपणे डिक्कीतला जॅक कुठं असतो ते यजमानांना दाखवायला लागले.

यजमानांनीही ते ऐकलं होतं. भालकीला मिस्त्रीला उतरवल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. "मला कामून सांगितली न्हाईस? फिरू का माघारी? त्यांनी आधी सांगितल्या भावानं देऊन येऊ." ते मनापासून विचारत होते. मी नको म्हटलं. माघारी गेलं असतं तर पुन्हा सरांच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. मला ते जमणार नव्हतं म्हणून मी एका भल्या माणसाचे पैसे बुडू दिले, आणि नंतर कागदावर सह्या आणायलाही यजमानांनाच धाडलं. शाळेत पेपर तपासायचेत असं कारण सांगितलं. पेपर तपासून कधीच झाले होते.

गाडीनं एकदाही दगा दिला नाही. मी चालवायला शिकले.

वर्षभरानं नौबादच्या थांब्यावर सर उन्हात उभे दिसले. पाय ब्रेकवर जायच्या आधी मनात आलं, पुढं निघून जावं. ते आलं, हे लिहून ठेवते. थांबले. सर शेजारी बसले, आपल्याच गाडीत पाहुण्यासारखे, पिशवी मांडीवर घेऊन. थोडं अंतर गेल्यावर मी म्हटलं, "सर, मी बी त्या दिवशी तुम्हाला दारातच वळखले होते."

"व्हय," ते म्हणाले. "म्हाईत हाय."

त्या दिवशी कमी केलेले पैसे द्यायचेत, असं मी चाचरत सांगितलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि माझ्या वर्गात किती पोरं आहेत ते विचारलं. अकरा, मी सांगितलं. मराठी शाळेत आता एवढीच येतात. उतरताना सर म्हणाले, घरी ये एकदा, अक्का विचारत असती.

अजून गेलेले नाही. सासूबाईंना दवाखान्यात नेताना सरांची गल्ली लागते. तिथं मी गाडी सावकाश करते, आणि सासूबाई विचारतात, का गं, काय झालं. काही नाही म्हणते.