समोरची रांग

बदनापूरला माहेरी बाळाचं बारसं आटोपून मी निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात हसनाबादहून आमचा गडी आला. पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "बाई, जल्दी चला. मोठ्या बाई गेल्या... तापानं गेल्या." मोठ्या बाई म्हणजे माझी थोरली जाऊ, शेवंताबाई. मी तिला अक्का म्हणे. ती गेली त्याला आता महिना उलटला.

अक्का गोव्याची. थोरले दीर मुंबईला गिरणीत होते, तिथल्या सोबत्याची ही बहीण. निजामाच्या मुलखात, आमच्या ढेकळांच्या गावात ती आली ती समुद्रकाठची गाणी घेऊन. त्यांत देवळातली सातेर देवी आणि चर्चमधली सायबीण माउली सख्ख्या बहिणी असत, मधूनच फिरंगी शब्द येत. सासूबाई कपाळाला आठ्या घालत. "आपल्यात असलं बिलकुल न्हाई चालत. लोक काय म्हणतील?" मग दुपारी त्या आडव्या झाल्या की आम्ही खळ्यावर पळायचो.

तिथं अक्का बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करी. हात गुंफायचे, वाकून पुढं यायचं, मागं सरायचं. एका रांगेनं सवाल गायचा, दुसरीनं जबाब. तिच्याकडे याला ढालो म्हणतात. एकदा तोल जाऊन मी तिच्याच अंगावर कोसळले, तर हसत म्हणाली, "गो रखमा, तुका नाचपाक सांगलां, झुजपाक न्हय!" सवाल कायम तिचे. त्यातले कोकणी-फिरंगी शब्द आम्हाला उमगत नसत, शेजारच्या दोघी नुसता सूर धरत. जबाब मात्र तिनं आमच्यासाठी सोप्या मराठीत करून घोटून घेतले होते. "अक्का, तुझ्या बाजूचंही शिकव की," मी म्हटलं होतं. "येत्या पौषात तुला माझ्या रांगेत घेते," ती म्हणाली. पौष तिच्याकडचा ढालोचा महिना. ती मार्गशीर्षातच गेली. मला तिचा फार राग आला... गेलेल्या माणसावर रागावू नये, पण आला.

परवा बायका आपण होऊन खळ्यावर जमल्या. सासूबाई जाग्याच होत्या. त्याही येऊन कडेला बसल्या. अक्काची जागा मोकळी ठेवून आम्ही रांगा धरल्या, वाकलो, आणि सुरुवात कोणालाच येईना. "म्हणा की गं, थांबल्या कामून?" सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

जबाब आम्हाला सगळे येतात. तेवढेच येतात. म्हणून आता आधी अक्काच्या ओळीपुरतं गप्प उभं राहतो, आणि मग आमची ओळ गातो.