कंदीपेढ्याचं बारसं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत मी जावाचे प्रोग्रॅम लिहायचो. सांगलीजवळच्या माधवनगरच्या एका कापड गिरणीला ऑर्डरी नोंदवणारी सेवा हवी होती. ती दसऱ्याच्या सकाळी सुरू झाली तर तुला कायम करतो, असं साहेब म्हणाले. आईला तेवढं पुरलं. तिने माझ्यासाठी पाहिलेल्या मुलीकडच्यांना मी कायम झाल्याचं सांगून टाकलं आणि दसऱ्याच्या संध्याकाळी चहाला बोलावलं.

गिरणीत प्रोग्रॅम बसवला, तर तो ढिम्म हलेना. कारण कळल्यावर मी कपाळाला हात लावला. कोणत्या कॉम्प्युटरशी बोलायचं ते नाव आम्ही प्रोग्रॅमच्याच गठ्ठ्यात बांधून टाकलं होतं, आणि ते होतं आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं: कंदीपेढा. बिचारा प्रोग्रॅम सांगलीत बसून साताऱ्याला हाका मारत होता. गठ्ठा सोडून पुन्हा बांधायची सोय फक्त साताऱ्यात. मी फोन केला. ऑफिसातल्या मित्राने नाव बदललेला नवा गठ्ठा फ्लॉपीवर घालून एसटीच्या ड्रायव्हरकडे दिला.

फ्लॉपी खंडेनवमीला दुपारी पोचली. गिरणीची कॉम्प्युटरची खोली एका निवृत्त सुभेदारांच्या ताब्यात होती. मी जेवून येईपर्यंत त्यांनी पाने-पकडी, कॉम्प्युटर आणि माझी फ्लॉपी एका रांगेत मांडून पूजा उरकली होती. हळद, कुंकू, वर झेंडू. मी हात पुढे केला, तर ते शांतपणे म्हणाले, "हत्यार हाय ते. पूजा झाली, आता उद्याच उचलायचं."

मी फक्त रडायचा बाकी होतो.

दसऱ्याला सकाळी फ्लॉपी आत घातली, तर ड्राइव्ह नुसता खरखरला. फ्लॉपीत कुंकू गेलं होतं. गिरणीचे शेठ हार घेऊन दारात उभे. घाबरलेल्या माणसाला सुचावं तसं मला सुचलं: आधी बसवलेल्या प्रोग्रॅमला कंदीपेढाच हवा ना, मग घे. मी गिरणीच्या कॉम्प्युटरचंच नाव बदलून कंदीपेढा ठेवलं. "बारसंच झालं की ह्येचं," म्हणत सुभेदारांनी त्याला पुन्हा कुंकू लावलं. सेवा सुरू झाली.

साहेबांनी फोनवरच कायम केलं आणि पुढचं कामही सांगितलं: आता तो गठ्ठा कुणी उघडायचा नाही, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरचं नाव कंदीपेढा ठेवायचं.

संध्याकाळी साताऱ्याला घरी पोचलो. मुलीने विचारलं, तुम्ही नक्की काम काय करता? आई डोळे वटारत होती.

"कॉम्प्युटरची बारशी करतो," मी म्हणालो.

ती इतकी हसली की बशीतला चहा सांडला. तिच्या वडिलांनी तोंड उघडायच्या आत होकार तिनेच देऊन टाकला.