वाढीव कराचं भरीत

कर भरून आल्यावर पेढे वाटणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या दुकानासमोर बसतो. धुळ्याच्या आमच्या बाजारात त्यांना सगळे हार्डवेअरवाले आबा म्हणतात. कराचं नाव निघालं की आम्हा बाकीच्या व्यापाऱ्यांचे चेहरे पोटात दुखल्यासारखे होतात. आबा मात्र महापालिकेची खिडकी उघडायच्या पहिल्याच दिवशी, इस्त्रीचा सदरा घालून, डोक्याला तेल चोपडून, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखे घरपट्टी भरायला जातात. पहिला पेढा खिडकीमागच्या कारकुनाला. तो बिचारा पहिल्या खेपेला एवढा घाबरला, की या माणसाचं काहीतरी वाकडं काम अडलंय असं समजून त्याने साहेबांनाच बोलावून आणलं. साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "बोला, काम काय आहे?" आबा म्हणाले, "काम तर झालं ना साहेब! कर भरला. आता तोंड गोड नको करायला?"

एकदा कर भरला की गावातली प्रत्येक सरकारी वस्तू आपल्या मालकीची झाली, असं आबांचं गणित आहे. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला कुणी पानाची पिचकारी मारली, तर आबा दुकानातून धावत बाहेर येऊन अहिराणीत ओरडतात. "ओ भाऊ, हाऊ खांबा मना शे!" एस.टी.त बसले की ड्रायव्हरला गिअर हळू टाकायला सांगतात, उतरताना सीटवरचे शेंगांची टरफलं स्वतः उचलतात. एकदा तर काहीही दुखत नसताना सरकारी दवाखान्यात गेले आणि नवीन आलेल्या खाटा नीट आहेत की नाही हे बघायला एका खाटेवर आडवे झाले. डोळा लागला. जाग आली तेव्हा नर्सबाईंनी सलाईनची तयारी केली होती, आणि आबा तिलाच समजावत होते की सुई वाया घालवू नको, ती आपल्याच पैशांची आहे. घरी त्यांच्या पत्नी अक्का कपाळाला हात लावतात. "यांना माझ्या माहेरी न्यायची सोय नाही. जावयाचा मान घ्यायचा सोडून ग्रामपंचायतीच्या नळाला वायसर बसवत बसतात."

तर अशा माणसाच्या आयुष्यात परवाच्या हिवाळ्यात सोन्याचा दिवस उगवला. राज्य सरकारने आम्हा दुकानदारांवरचा कर वाढवायचा प्रस्ताव आणला. त्याला जोड अशी होती, की वाढ मंजूर झाली तर त्या पैशांतून सरकारी विद्यापीठांत जागा वाढवणार, आणि नाही झाली तर पुढच्या वर्षीच्या प्रवेशांना कात्री लावणार. बाजारात एकच गदारोळ उडाला. मी स्वतः वह्या-पुस्तकं विकतो, म्हणजे शिक्षणावरच जगतो, तरी सगळ्यात मोठ्याने मीच ओरडत होतो. मुलांना पुढे करून आमचे खिसे कापता काय, असं माझं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं थोडं मला अजूनही पटतं.

पण आबांच्या शेजारी सलीमभाईंचं बॅटऱ्यांचं दुकान आहे, आणि सलीमभाईंना रुबीना नावाची मुलगी आहे. तिला भौतिकशास्त्राचं वेड. बी.एस्सी. झाली, जळगावच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला अर्ज केला आणि थोडक्यात हुकली, जागाच संपल्या. वर्षभर घरी बसून पोरांच्या शिकवण्या घेत होती. पुण्याच्या खासगी कॉलेजात पाठवायची सलीमभाईंची ऐपत नव्हती. पुढच्या वर्षी जागा वाढल्या तर ती शिकणार होती, कमी झाल्या तर तिचं शिक्षण तिथेच थांबणार होतं. हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सलीमभाई तर त्याहून नाही. आपल्या मुलीसाठी दुसऱ्यांनी कर भरा, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

बंद पुकारायचा की नाही हे ठरवायला व्यापारी संघटनेने बैठक बोलावली. आमच्याकडे थंडीतली कुठलीही गंभीर बैठक शेतात होते आणि तिथे भरीत असतं. त्याचीही एक रीत आहे. ज्याने त्याने आपापल्या घरून वांगी आणायची. मग प्रत्येक जण आपल्याच वांग्यांची तारीफ करतो. संघटनेचे अध्यक्ष शेठजी कापडवाले. घराणं राजस्थानातलं, पण वांग्यांच्या बाबतीत पक्के खानदेशी. ते जामनेरकडून खास वांगी मागवतात आणि देव्हाऱ्यात ठेवायची असल्यासारखी मांडीवर घेऊन येतात. कापसाच्या काड्यांवर सगळी वांगी एकत्र भाजतात, एकत्र ठेचतात, आणि पहिलं ताट शेताच्या राखणदाराच्या घरी जातं.

त्या दिवशी वाढायचं काम आबांनी मागून घेतलं होतं. आधी भाषणं झाली. बंद करायचाच, असं जवळजवळ ठरलं. माझं भाषण तर फारच जोरदार झालं. मग पंगत बसली, आणि आबा भरिताचं भांडं घेऊन शेठजींपुढे उभे राहिले. वाढेनात.

"वाढा ना आबा."

"वाढतो. तुमचं वांगं कोणतं तेवढं दाखवा. ज्याचं त्याला देतो."

"अहो, आता ठेचल्यावर कसं ओळखू येईल?"

"मग माझं जाईल ना तुमच्या पोटात! आणि त्या राखणदाराने तर एकही आणलं नव्हतं. त्याला पहिलं ताट का दिलं?"

"ती रीतच आहे आपली," शेठजी म्हणाले.

"हा, रीत शे! मंग सरकारनी तेच मांगं तर बठ्ठा बाजार बंद?" आबांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "सलीमभाईनी पोर वरीसभर घर बशेल शे. जागा नही म्हनीसन. आपलीच पोर शे ती. आपण वांगं देतस, तिले एक खुर्ची देवाले काय जास आपलं?"

सलीमभाई ताटाकडे बघत होते. त्यांचे खांदे हलताना मी पाहिले. शेठजींनी बराच वेळ पगडी सारखी केली, मग ताट पुढे सरकवलं. "वाढा आबा. आणि लिहून टाका, धुळ्याचा पाठिंबा आहे म्हणून. पण पैशांचं काय केलं ते सरकारने दरवर्षी सांगितलं पाहिजे, हेही लिहा." ही पुरवणी माझी, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

राज्यभर विरोध होता. धुळ्याच्या एका भरितामुळे कर मंजूर झाला असं मी म्हणणार नाही. आबा म्हणतात, आणि त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नाही. कर मंजूर झाला, जागा वाढल्या, आणि उन्हाळा संपता संपता रुबीनाचं नाव यादीत लागलं. त्या दिवशी आबांनी एवढे पेढे वाटले की हलवायाने दुकान लवकर बंद केलं. बँडवालाही आणणार होते, अक्कांनी शपथ घातली म्हणून राहिलं. वाढीव कर भरायला मात्र आम्हा सगळ्यांना त्यांनी रांगेने नेलं, मिरवणुकीसारखं. मी कुरकुर करत गेलो. पण गेलो.

रुबीनाला वसतिगृहावर पोहोचवायला सलीमभाई, आबा आणि मी असे तिघे जळगावला गेलो. सामान ठेवून झाल्यावर ती आम्हाला तिचा वर्ग दाखवायला घेऊन गेली. वर्ग रिकामा होता. आता हे खिडक्या आणि पंखे तपासणार, म्हणून मी धास्तावलो होतो. पण आबा काही न बोलता पहिल्या बाकावर जाऊन बसले, हाताची घडी घालून, विद्यार्थ्यासारखे. "पोरी, काय शिकणार तू इथं? मला थोडं सांग बरं."

ती लाजली. मग तिने खडू घेतला आणि प्रकाशाबद्दल काहीतरी सांगायला लागली. फळा भरला. आबा डोळे बारीक करून ऐकत होते. "परत एकदा सांग," म्हणाले. तिने परत सांगितलं. सलीमभाई दाराशी उभे राहून रुमालाने चष्मा पुसत होते.

"माले काही समजनं नही," आबा माझ्या कानात म्हणाले. "पण पोर काय झकास सांगस!"

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. एरंडोल गेल्यावर, बाहेर बघतच म्हणाले, "मॅट्रिक झालो तेव्हा माझ्या गुरुजींनी पुढे शिकायचा फार आग्रह धरला होता रे. वडील म्हणाले, दुकान कोण बघेल." मला इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं. मी नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि पारोळा येईपर्यंत तो तसाच राहू दिला.