अक्काचा निकाल आणि गावाची इंग्रजी

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, अक्कावर. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, हुमनाबादेहून मिडलचा निकाल आला त्या मंगळवारी. हिशेब, भूगोल सगळं ती उर्दूतून शिकली आणि ऐन परीक्षेत पेपर आले मराठीत. घरात आम्ही मराठीच बोलायचो; पण क्षेत्रफळाला मराठीत काय म्हणतात हे तिला कोणत्या शाळेनं शिकवलं होतं? नापास झाली. अप्पा म्हणाले, "बास झाली शाळा. रविवारी पाव्हने बघाया येनार हायती."

संध्याकाळी धीर द्यायला माणसं लोटली. गाव मराठी मुलखात जायचं की कन्नड, यावरून तेव्हा अशी जुंपली होती, की मराठीत धीर द्यावा तर कन्नडवाल्यांना वाटे मराठीवाले गाव पळवायलेत. कन्नडात द्यावा तर आम्ही मराठीची पत्रकं काढणारे टपलेलेच. उर्दूत बोलेल तो निजामाचा माणूस. मग सगळ्यांनी इंग्रजी धरली. तिच्यावर कुणाचाच दावा नव्हता आणि ती कुणाला येतही नव्हती.

कन्नडवाल्यांचे पुढारी कापडवाले अण्णा ओट्यावरूनच गरजले, "चिअर अप!"

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मागं कसे राहतील? "बक अप!"

"नेव्हर माइंड!" अण्णा.

"चिन अप!" अध्यक्ष.

"म्हंजे काय वो?" आईनं विचारलं.

"हनुवटी वर कर म्हनायलो पोरीला."

"वर करून बसली तर तव्याकडं कोन बघंल? भाकर करपायलीय की!"

अक्का चुलीपासून उठून बाहेर आली. हाताला पीठ तसंच. "इतके जन आलात. पोरीला पुन्हा परीक्षेला बसवा, असं अप्पाला एकानं तरी म्हनलं का?"

अण्णांनी आढ्याकडं बघितलं, अध्यक्षांनी चपलांकडं. माझं डोकं फिरलं. "अप्पा, भाषा बदलली सरकारनं, शिक्षा अक्काला कामून?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "पुढल्या साली पेपर कोन्च्या भाषेत येनार ते सांगा. आत्ता बसवतो."

मी अध्यक्षांकडं बघितलं, अध्यक्षांनी अण्णांकडं. अण्णा हळूच म्हणाले, "होप फॉर द बेस्ट."

पाहुणे रविवारी आले. सोयरीक ठरली.

वाचणाऱ्यांनो, अशी नापास पोरगी तुमच्याही गल्लीत आहे. आजच तिच्या बापापुढं जाऊन बसा, आणि "पुन्हा बसवतो" हे त्याच्या तोंडून निघेपर्यंत उठू नका. बोला कोणत्याही भाषेत, पण त्याला कळेल अशा.